गळ्यातली जोडवी

तानाबाई गेली त्या सालापासून केरबानं गुळाच्या काहिलीला हात लावला नाही.

तसा तो नावाजलेला गुळव्या. रस उकळताना नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून पाक कुठवर आलाय ते सांगायचा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आज ह्याचं गुऱ्हाळ, उद्या त्याचं. तानाबाई बरोबर असायचीच. रसावरची मळी काढायला, रस निवळायला भेंडीचं पाणी सोडायला आणि शेवटी थेंब जिभेला लावून सांगायला. केरबानं पाक बघायचा आणि तिनं चाखायचा, असं पंचवीस वर्षं चाललं. लोक म्हणायचे, हात केरबाचा आणि जीभ तानीची.

म्हणूनच आकारामचं बोलणं त्याला एवढं लागलं.

आकाराम म्हणजे तानाबाईचा थोरला भाऊ. शाहूवाडीकडचा, भातशेतीवाला, मोठ्या आवाजाचा. दहाव्याला नदीवर सगळे पैपाहुणे जमले असताना तो म्हणाला, "गुळव्याच्या घरात बहीण दिली, तितंच चुकलं आमचं. गुळानं खाल्ली तिला. दाजी, तुमी खायाला घातलासा आन् तिनं खाल्लं."

घाटावर सगळ्यांनी ते ऐकलं. केरबानं मान खाली घातली. गोड खाऊन साखरेचा रोग होतो, एवढं त्यानंही ऐकलेलं होतं.

तानाबाईला साखर आहे हे कळलं तेच मुळी फार उशिरा. डाव्या पायाच्या बोटात जोडवं रुतलं आणि खाली जखम झाली. आधी हळद भरली. मग कुणी सांगितलं म्हणून एरंडाचं पान बांधलं. मग गावातल्या कंपाउंडरचं मलम. दुखत नव्हतं म्हणून ती कामं करत राहिली. न दुखणारी जखम वाईट, हे तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बोट काळं पडलं तेव्हा तिला एस.टी.त घालून कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथं पहिल्यांदा कुणीतरी लघवी तपासली. आधी बोट काढलं, मग पाऊल, मग गुडघ्याखालचं सगळं. पहिल्या वेळी नर्सनं पकडीनं जोडवं कापलं आणि गॉजमध्ये गुंडाळून केरबाच्या हातात दिलं. सोळाव्या दिवशी तानाबाई गेली. वय सत्तेचाळीस.

ते कापलेलं जोडवं आणि उजव्या पायातलं शाबूत जोडवं केरबानं चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवलं होतं. डबी उघडून बघायचा मात्र नाही.

पोटी एकच मुलगी, कालिंदी. ती पन्हाळ्याच्या पायथ्याला दिलेली. घरी केरबा एकटा. शेतीवाडी वाट्यानं लावलेली. गुऱ्हाळाचं बोलावणं आलं की म्हणायचा, "डोळं गेलं माझं. पाक दिसत न्हाय." डोळे चांगले होते. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण आकारामचं वाक्य गावात पोचलं होतं. आणि केरबाच्या मनात तर ते घर करून बसलं होतं. दोन वर्षं तो चहासुद्धा बिनगुळाचा पीत होता.

सत्त्याहत्तर सालच्या मार्गशीर्षात एक बाई त्याचं घर विचारत आली. चाळिशीची, अंगावर सुती लुगडं, खांद्याला जड पिशवी. एस.टी.तून उतरून चालत आलेली, चपला धुळीनं भरलेल्या.

"केरबा गुळवे तुम्हीच का? मी डॉक्टर विमला दीक्षित. तुमची पत्नी आमच्या वॉर्डात होती. तिचा केसपेपर वाचून आले."

"आता कशापायी? ती गेली की."

"म्हणूनच आले. बसू का?"

केरबानं घोंगडं टाकलं, पाणी दिलं. बाईनं पिशवीतून मोठा कागद काढून जमिनीवर पसरला. म्हणाल्या, साखरेचा आजार घराण्यातून खाली उतरतो का, उतरत असला तर कसा, याचा त्या अभ्यास करताहेत. त्यासाठी साठ घरं निवडली आहेत. "तुमचं एकेचाळिसावं."

कागदावर चौकोन आणि गोल काढलेले होते. बाप्या म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. ज्याला साखर, तो काळा करायचा. बाईंनी एक गोल काढून पेन्सिलीनं काळा केला. "ह्या तानाबाई." शेजारी चौकोन काढला, रिकामा. "हे तुम्ही." दोघांच्या मधे रेघ.

"ही रेघ कसली?"

"लग्नाची."

केरबा कागदाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "माझा चौकोन रिकामा कशावरनं?"

"ते तपासल्यावर कळेल. तुम्ही मला फार हवे आहात. तुमचं आणि त्यांचं घर एक, चूल एक, काम एक. रक्त मात्र वेगळं. एकाच घरचं खाऊन एकाला होतो आणि दुसऱ्याला होत नाही, तर मग ते कशानं, हे तुमच्यावरून बघायचं. तुम्ही तुलनेचा माणूस."

"बाई, गूळ तर मी तिच्या दुप्पट खाल्लाय."

"मग दवाखान्यात या. काही न खातापिता या, चहासुद्धा नको."

पुढच्या सोमवारी केरबा गेला. त्याला पेलाभर ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि दर अर्ध्या तासानं दंडातून रक्त काढलं. तिसऱ्या वेळी तो रक्त काढणाऱ्याला म्हणाला, "ह्या पाण्यापरास आमची काकवी बरी की रं. निदान चव तरी आसती." त्या माणसाला हसू आलं. केरबाला स्वतःचंच नवल वाटलं. दोन वर्षांत त्यानं चेष्टेचा शब्द काढला नव्हता.

दुपारी बाईंनी सांगितलं, साखर अगदी व्यवस्थित. चौकोन रिकामाच राहिला.

"म्हंजे गुळानं न्हाय?" केरबानं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"एका माणसावरून मी काही बोलणार नाही. तिची भावंडं बघायला हवीत. त्यांच्यातही निघाली तर रक्ताचा वाटा मोठा, असं म्हणावं लागेल." बाईंनी पेन्सिल उचलली. "आणि मग मुलीलाही बोलवावं लागेल."

त्यांनी लग्नाच्या रेघेतून एक रेघ खाली ओढली आणि तिच्या टोकाला एक लहान गोल काढला. कालिंदी. कोरा गोल.

परतीच्या गाडीत केरबाच्या डोळ्यांपुढून तो गोल हलला नाही. सरळ हिशेब होता. रोग तानीच्या रक्तातला असेल, तर तिला आपण मारलं नाही. पण मग तोच रोग कालीच्या रक्तात आहे. आणि रोग आपल्या घरातला, आपल्या गुळातला असेल, तर काली सुटली, पण मग तानीचा जीव आपणच घेतला. दोन्हीतलं एक मागायचं. गाडी नदीच्या पुलावरून जात असताना त्यानं मागितलं. रक्तातलं निघू दे, असं मागितलं. आणि लगेच आजूबाजूला बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

आठवड्यानं तो बाईंना घेऊन शाहूवाडीकडं गेला. आकाराम अंगणात भात वाळत घालत होता. बाईंचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला काय धाड भरलीया? शंभर किलोचं पोतं उचलतो की मी." पण घराण्याचं विचारल्यावर तो खुलला. दरसाल हेळवी येतो, बैलावर बसून, त्याच्या चोपडीत आपली वंशावळ आहे, असं म्हणाला आणि सात पिढ्यांची नावं एका दमात म्हणून दाखवली. बाईंनी सगळी लिहून घेतली.

"आणि ह्यांच्या बायका? तुमच्या आजीचं नाव काय?"

आकारामनं डोकं खाजवलं. "आजी... आजीच म्हणायचो आमी तिला."

"पणजीचं?"

"आवं बाई, बायकांची नावं हेळवी कशाला लिवंल?"

"बरं. एवढी लघवी तरी द्या ह्या बाटलीत."

"पावण्या बाईफुडं?"

"गोठ्यात जा की मर्दा," केरबा म्हणाला. "म्हशी काय हसत न्हाईत."

आकाराम कुरकुरत गेला आणि आला. बाईंनी ओसरीवर स्पिरिटचा छोटा दिवा लावला. काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात आठ थेंब सोडले आणि नळी ज्योतीवर धरली. आकारामची बायको, सुना, सगळी भोवती जमली. निळं पाणी हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं झालं. मग तळाशी विटेसारखा लाल गाळ बसला.

पाक बदलताना बघायची केरबाच्या डोळ्यांना सवय. बाईंनी सांगायच्या आधीच त्याला कळलं.

"पुष्कळ साखर आहे," बाई म्हणाल्या.

"कुणाला? मला?" आकारामनं सगळ्यांकडं बघितलं. "आवं मी च्यात बी गूळ घालत न्हाय!"

"मग तुला रं कुणी चारला?" केरबा बोलून गेला. "सांग की. घाटावर लई बोलत हुतास. तुला कुणी खायाला घातला?"

आकारामचा चेहरा पडला. तो खाली बसला. त्याची बायको पदर तोंडाला लावून रडायला लागली. केरबाच्या छातीवरचा दोन वर्षांचा दगड हलला होता, आणि त्या हलक्या छातीनं तो त्या रडणाऱ्या बाईकडं बघत उभा होता. असला आनंद त्याला पूर्वी कधी झाला नव्हता. पुढंही त्याला त्या आनंदाची आठवण झाली की तोंड कडू व्हायचं.

बाई आकारामला समजावत होत्या. खाण्याचं, गोळ्यांचं, पायांना जपायचं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या आईला काही होतं का?"

"आईला? काय न्हवतं तिला. शेवटी आंधळी झालती. पाणी लई प्यायाची, घागरच घिऊन बसायाची. बाकी काय न्हाय."

बाईंनी आणखी एक गोल काढला, अंबूबाई, आणि त्यात प्रश्नचिन्ह घातलं.

"बायकांचं इचारायचं तर धोंडूमावशीला इचारा," आकाराम जमिनीकडं बघत म्हणाला. "आईची धाकटी बहीण. तेवढी एकच ऱ्हायलीया. कळंब्याला आस्ती, लेकाकडं."

धोंडुबाईचा मुलगा कळंब्याच्या तुरुंगात शिपाई होता. तळ्याच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. म्हातारी दारात उन्हाला बसून लसूण सोलत होती. वय पंच्याहत्तरच्या पुढं. पाठीत वाकलेली, पण जीभ धारेची.

"कोण ते? केरबा व्हय? तानी गेली तवा आलतो मी. त्याच्यानंतर तू काय फिरकला न्हाईस. म्हातारी मेली का बगायला आलास काय?"

"न्हाय मावशी. ह्या डाक्टरीणबाई हाईत."

"मग बरं हाय. सोबत मढं तपासणारी बी आणलीस."

बाई हसल्या आणि तिच्याजवळ बसल्या. म्हातारीनं काही आढेवेढे घेतले नाहीत. नळीतलं पाणी लाल झालं ते बघून म्हणाली, "आसंल. मला तर पंचवीस वर्षं झाली मुंग्या लागत्यात. नहाणीत, जिथं लगवीला बसंल तिथं."

"मुंग्या?"

"तर. आमच्यात सगळ्यांलाच. आईला, आंबूला, मला. मुंग्या लागल्या की आमी समजायचं, आता सुरू झालं."

बाईंनी लिहून घेतलं. मग त्यांनी म्हातारीचे पाय पुढं घेतले आणि उजेडाकडं वळवून बोटन् बोट बघितलं. बराच वेळ बघितलं. केरबाही बघत होता. सुरकुतलेले, टाचा फुटलेले, पण दहाची दहा बोटं जागच्या जागी.

"आजी, पंचवीस वर्षं साखर आहे म्हणता. पाय इतके चांगले कसे राहिले?"

"जोडवी न्हाईत म्हणून," म्हातारी म्हणाली.

"नवरा नाही म्हणून काढली असतील ना?"

"न्हाय वो. नवरा हुता तवा बी बोटात न्हवती. गळ्यात हुती. डोरल्याच्या शेजारी, काळ्या दोऱ्यात."

केरबाला एकदम सासू डोळ्यांपुढं दिसली. अंबूबाई चुलीपुढं वाकली की तिच्या गळ्यात काहीतरी चांदीचं वाजायचं. लग्न नवीन असताना त्यानं तानीला विचारलंही होतं. ती म्हणाली होती, आमच्यात देवीचा नेम असतो. तो तेवढ्यावर थांबला होता. बायकांचे नेम बाप्यांनी कशाला विचारायचे.

म्हातारी बाईंना सांगत होती. "आमच्या आज्जीची बोटं झडली. जोडव्याखालनंच सुरवात झाली, आन् मेली. तवापास्नं आमच्या आईनं नेम धरला. पयला केस पिकला की जोडवी बोटातनं काढायची आन् गळ्यात बांधायची. शेतात अनवाणी जायाचं न्हाय. सांजचं पाय धुवायचं आन् लेकीकडनं, सुनंकडनं बगून घ्यायचं. आपल्याला कळत न्हाय वो, मुका पाय आसतो आमचा. आईनं आमा दोगींना सांगिटलं, आमी आमच्या लेकींना."

"देवीचा नेम म्हणून?"

"मग? सासरची काढू देत्यात व्हय सवाष्णीला जोडवी? देवीचं नाव घेटलं की कोण आडवं येत न्हाय." म्हातारी हसली. मग तिनं केरबाकडं वळून सहज विचारलं, "तानीला बी आंबूनं सांगिटलंतं. माज्या म्होरं सांगिटलंतं. तिनं काढली न्हाईत व्हय?"

केरबानं तिच्या टोपलीतली लसणाची एक पाकळी उचलली.

"का रं काढली न्हाईत तिनं?"

लसणाची सालं वाऱ्यानं दारभर उडत होती. बाईंची पेन्सिल थांबली होती.

बेंदराच्या आदल्या दिवशीची गोष्ट. ती जायच्या दोन वर्षं आधीची. केरबा सोप्यात बसून बैलाच्या शिंगांना रंग देत होता. तानाबाई उंबऱ्यावर येऊन बसली. पायावर हात फिरवत होती. म्हणाली, "आवं, जोडवी काढून गळ्यात बांधू काय? आईकडं तसा नेम हाय आमच्यात."

त्यानं मान वर केली नव्हती. रंग ओला होता आणि बैल मान हलवत होता. तो म्हणाला होता, "मी जिता हाय की आजून. मेलो म्हंजे काढ."

ती हसली होती आणि उठून आत गेली होती. तेवढंच. चार वर्षांत त्याला ते एकदाही आठवलं नव्हतं. आठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. नवराबायकोत दिवसातून दहा वेळा असलं बोलणं होतं.

"केरबा," म्हातारी म्हणाली. ती त्याच्याकडं बघत होती, आणि तिचं हसू गेलं होतं. "तू नगं म्हणालास?"

त्यानं होय म्हणून मान हलवली.

म्हातारीनं टोपली बाजूला सारली. शिव्या देईल असं त्याला वाटलं. द्यायला हव्या होत्या. पण ती भिंतीला हात लावून उठली आणि आत गेली. परत बाहेर आली नाही.

तळ्याच्या कडेनं दोघं स्टँडकडं चालत निघाले. पुढं तुरुंगाची लांबच लांब भिंत होती. भिंत अर्धी सरली. मग केरबा थांबला.

"बाई, कागदावर ल्हिवा."

"काय?"

त्यानं बेंदराचं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. बाईंनी ऐकून घेतलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "साखर तुम्ही दिली नाही. ती त्यांच्या रक्तातच होती. आजीला, आईला, मावशीला, भावाला. गुळाचा यात काही संबंध नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही पंचवीस वर्षं तेच खाऊन धडधाकट आहात. हे मी लिहिणार आहे."

"साखरंनं मेली न्हाय ती. बोटानं मेली. म्हातारीला बी साखर हायच की. बोटं मोजलीसा न्हवं?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या खोटं बोलतील तर बरं, असं केरबाला वाटलं.

"ह्याला माझ्या कागदावर रकाना नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "मुलीला कधी आणता?"

त्यानंतर चार दिवसांनी आकाराम येऊन गेला. वाळला होता. दारात उभं राहून म्हणाला, "दाजी, घाटावर बोलायला नगं हुतं मी. चुकलो."

"चुकला न्हाईस."

"आवं पर बाई तर म्हणाल्या..."

"चुकला न्हाईस म्हणतो न्हवं? गूळ न्हाय, पर मीच." आणि केरबानं त्याला घरात घेतलं, बसवलं, आणि बायकांचं गुपित होतं तेवढं सगळं सांगून टाकलं. आकाराम ते ऐकून चहासुद्धा न घेता उठून गेला. त्याच्या आईच्या गळ्यात जोडवी होती हे त्यानंही जन्मभर बघितलं होतं.

कालिंदीला आणायचं म्हणजे तिच्या सासूला विचारायचं. बाळाबाई वाईट नव्हती, पण संशयी होती. केरबानं जोतिबाला जाऊन येतो असं सांगितलं आणि मुलीला तिच्या वर्षाच्या पोरीसकट कोल्हापूरला नेलं. कालिंदी पेलाभर गोड पाणी प्यायली आणि तिनं दर अर्ध्या तासानं हात पुढं केला. पोरगी तिच्या मांडीवर झोपून गेली. केरबा बाकावर बसून होता. पुलावर जे मागितलं होतं ते परत घेता येईल का, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

दुपारी बाई बाहेर आल्या. कागद त्यांच्या हातात होता.

"आज हिला रोग आहे असं म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण साखर उतरायला हवी तशी उतरत नाही. पुढच्या बाळंतपणात लक्ष ठेवावं लागेल. पस्तिशी-चाळिशीनंतर तर नक्कीच. दर सहा महिन्यांनी आणा." आणि त्यांनी तो लहान गोल पेन्सिलीनं अर्धा काळा केला.

त्या गोलाखाली आणखी एक रेघ होती. टोकाला एक बारका गोल, कोरा. मांडीवर झोपलेल्या पोरीचा.

कालिंदीनं विचारलं, "मला आईसारखं हुईल व्हय?"

"पाय सांभाळले तर नाही," बाई म्हणाल्या.

दोन वाजताच्या गाडीनं ते तिच्या सासरी परतले. उन्हं अजून अंगणात होती. बाळाबाई हरभऱ्याचे घाटे सोलत होती.

"काय पावणं, झालं देवदर्शन? परसाद कुठं हाय?"

"ईनबाई, जरा घमेलंभर पाणी द्या. ऊन ऊन."

"आंघूळ करतासा काय भर दुपारी?"

केरबानं कालिंदीला उंबऱ्यावर बसवलं आणि स्वतः खाली पायरीवर बसला. तिच्या लग्नात त्यानं आणि तानाबाईनं मिळून हेच पाय धुतले होते. तानी पाणी घालत होती आणि तो धूत होता. त्यानं उजवा पाय घमेल्यात घेतला, साबण लावला, आणि जोडवं फिरवत फिरवत बोटातून काढलं. खाली बोटाला गोल, पांढरा वळ होता. कातडी फुटलेली नव्हती.

बाळाबाई ताडकन उठली. "आवं पावणं! काय करतासा ह्ये? माझा ल्योक जिता हाय!"

जवळजवळ त्याचेच ते शब्द. केरबाचा हात पाण्यातच थांबला. रोग म्हणून सांगितलं तर ही बाई पोरीला आजच माहेरी धाडेल, हे त्याला दिसत होतं. आणि दुसरं कसं सांगायचं, तेही त्याला आता ठाऊक होतं.

"हाय की. शंभर वर्षं जगू दे," तो म्हणाला. "हिच्या आजोळचा नेम हाय ईनबाई, देवीचा. जोडवी गळ्यात बांधायची. आनवाणी फिरायचं न्हाय. सांजचं पाय धुवायचं आन् घरच्या बाईनं बगायचं. तानीनं मोडला हा नेम. काय झालं ते समद्यांनी बगिटलं."

देवीचं नाव निघताच बाळाबाईचे हात आपोआप जोडले गेले. "आगं बया. मग आदी सांगू न्हाय व्हय? मी बगीन की तिचं पाय. रोज बगीन." आणि ती काळा दोरा शोधायला आत गेली.

काम झालं होतं. एवढ्यावर गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण कालिंदी त्याच्याकडं बघत होती. दवाखान्यात तिनं सगळं ऐकलं होतं, नेम म्हणजे काय ते तिला कळलं होतं. फक्त एकच कळलं नव्हतं.

"आबा," ती हळू म्हणाली, "आईनं मोडला नेम?"

केरबानं खिशातून चुन्याची डबी काढली. आत दोन जोडवी होती, एक शाबूत आणि एक पकडीनं कापलेलं. त्यानं डबी तिच्या हातात दिली.

"तिनं न्हाय," तो म्हणाला. "ती मला इचाराय आलती. मी मोडला."

कालिंदीनं कापलेलं जोडवं उचलून बघितलं. कापल्या जागी त्याची कड धारेची झाली होती. तिनं त्या कडेवर बोट फिरवलं. पाय मागं घेईल असं केरबाला वाटलं, आणि घेतला असता तर त्याचं काही म्हणणं नव्हतं. आतून बाळाबाई ओरडत होती, दोरा सापडत नाही, शिवायचा चालेल का म्हणून.

मग कालिंदीनं डबी मिटून पदराला बांधली आणि डावा पाय पाण्यात सोडला.